विसाव्याचा वार



तुमच्या घरी अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, किंवा वार्धक्याने विसराळू झालेले आईवडील असतील, तर एक वाक्य तुमच्या कानांवर हमखास पडले असेल : "स्वतःच्या तब्येतीकडेही लक्ष द्या हं, जरा विश्रांती घेत जा." डॉक्टर ते सांगतात, नातेवाईक सांगतात, परगावची मुले फोनवरून सांगतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु आपण विश्रांती घेत असताना रुग्णाजवळ कोण बसणार, हे त्या वाक्यात कोठेच नसते.

मी शासकीय रुग्णालयात चौतीस वर्षे परिचारिका होते. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी माझ्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्याला आता सहा वर्षे झाली. आम्ही छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या बाजूला राहतो आणि तेथील एका मराठी ख्रिस्ती मंडळीचे सभासद आहोत. एका चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या समुदायाला आम्ही 'मंडळी' म्हणतो. आज मला तुमच्याशी शब्बाथाविषयी, म्हणजे आठवड्यातून एक दिवस काम थांबवण्याच्या त्या प्राचीन नियमाविषयी बोलायचे आहे. धर्मोपदेश करण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. पण या नियमात एक गोष्ट अशी आहे, जी आजाऱ्याची सेवा करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे, मग त्याचा धर्म कोणताही असो. ती गोष्ट अशी की, सेवा करणाऱ्याला विश्रांती एकट्याने घेता येत नाही. ती दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते, आणि ती देण्याची व्यवस्था चार माणसांनी मिळून करावी लागते.

नियम काय सांगतो

'शब्बाथ' हा हिब्रू शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी 'थांबणे' हा अर्थ आहे. यहुदी लोकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर संपतो. ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्राएल तेल गाळण्याचा व्यवसाय करीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. एखादा समाज त्याच्या कामावरून ओळखला जाणे नेहमीचेच; येथे त्याच्या सुट्टीच्या वारावरून तो ओळखला गेला.

ख्रिस्ती लोकांनी प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार धरला. पुढे इ. स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार हा विश्रांतीचा वार ठरवला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती लोक मात्र आजही शनिवारच पाळतात; पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच. वार कोणता, यावर पुष्कळ वाद झालेले आहेत. आपल्याला त्यात शिरण्याचे कारण नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते या आज्ञेचे कारण. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा आलेल्या आहेत, एकदा 'निर्गम' या पुस्तकात आणि एकदा 'अनुवाद' या पुस्तकात. पहिल्या ठिकाणी कारण दिले आहे ते असे की, देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी तो विसावला. दुसऱ्या ठिकाणी कारण अगदी निराळे आहे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि तेथून तुम्हाला सोडवून आणले, हे विसरू नका. गुलामाला सुट्टी नसते. म्हणून या आज्ञेत घरच्या धन्याला एकट्याला विसावा दिलेला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांना त्याच दिवशी विसावा मिळाला पाहिजे, अशी यादीच तेथे आहे.

आमच्या मंडळीतील वडीलधाऱ्यांना हे दुसरे कारण समजावून सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने, पारशी कुळात जन्मलेल्या रतनजी नौरोजी यांनी औरंगाबाद परिसरात ख्रिस्ती कार्य केले. मराठवाड्यातील आमच्या पुष्कळ घराण्यांची मुळे गावकुसाबाहेरच्या वस्तीत आहेत. वेठीच्या कामाला तेथे वेळ नव्हती आणि वारही नव्हता. बोलावणे आले की उठायचे. अशा माणसांना 'हा एक दिवस तुमचा' असे कोणी सांगितले, तेव्हा त्यात केवळ आराम नव्हता, माणूस म्हणून मान होता.

रविवारच्या सुट्टीची एक कथा सर्व महाराष्ट्राची आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची नेमकी सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचाही वार आहे, हा मुद्दा त्यांनी मांडला. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आमच्या शहरात मात्र तेव्हा निजामाचा अंमल होता आणि सरकारी कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवारी असे. १९४८ नंतर ती रविवारवर आली. तेव्हा वार बदलत आला आहे. बदलली नाही ती एकच गोष्ट : कोणीतरी दुसऱ्याने मान्य केल्याशिवाय कष्टकऱ्याला विसावा कधी मिळालेला नाही.

रविवारी विसावा कोणाला?

आता त्या यादीकडे पुन्हा पाहा. मुलगा आहे, मुलगी आहे, दासी आहे, बैलही आहे. पत्नीचा उल्लेख नाही. जाणकार सांगतात की, 'तू' या शब्दात तिचा समावेश होतो. ते खरेच असेल. परंतु आपल्या घरांतला रविवार पाहिला तर ती यादीतून गळली आहे की काय, अशी शंका येते. सकाळी लवकर उठून सर्वांची तयारी, मग उपासना, परत आल्यावर मटणाचा रस्सा आणि भाकऱ्या, दुपारी पाहुणे, संध्याकाळी सोमवारची तयारी. त्यातच आमच्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते. तो दिवस रविवारी आला, तर टाकी, पिंप, हंडे, बादल्या भरण्यातच विसाव्याचा वार संपतो. घरात रुग्ण असेल, तर या सर्वांच्या वर कपडे, चादरी, औषधे आणि भरवणे. अंथरुणावरच्या माणसाच्या शरीराला रविवार समजत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात एक बाई येते. अठरा वर्षे ती कमरेत वाकलेली आहे. तिला सरळ उभे राहता येत नाही. येशू तिला बरे करतो. तेव्हा सभास्थानाचा अधिकारी रागावतो : कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी या. येशू त्याला विचारतो की, शब्बाथ असला तरी तुम्ही आपला बैल गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेताच ना? मग या बाईला तिच्या बंधनातून आजच सोडवायला नको का?

परिचारिका म्हणून मला ही कथा नेहमी जवळची वाटली, कारण आमच्या कामाला रविवार नव्हता आणि त्याबद्दल या कथेने आम्हाला दिलासा दिला. दुखणे थांबत नाही, म्हणून सेवाही थांबत नाही. पण कथेचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. बैलाला सोडणारा कोणीतरी असतो. बैल स्वतः आपले दावे सोडत नाही.

चार्ज कोण घेणार?

रुग्णालयात तीन पाळ्या असतात. पाळी संपली की आपण उठून निघून जात नाही. आधी चार्ज देतो. पुढच्या पाळीच्या सिस्टरला बरोबर घेऊन प्रत्येक खाटेजवळ जायचे, सलाईन किती उरले, इंजेक्शन किती वाजता, लघवी किती झाली, कोण रात्रभर झोपला नाही, हे सांगायचे. ती "ठीक आहे" म्हणाली की आपले ओझे उतरते. घरी जाऊन मी गाढ झोपत असे, याचे कारण माझे मन कठोर होते असे नाही. त्या तीस रुग्णांजवळ या घटकेला कोण आहे, हे मला ठाऊक असे.

घरच्या सेवेत चार्ज देणे नसते. चोवीस तासांची एकच पाळी, आणि ती वर्षानुवर्षे चालते. रुग्ण झोपला की आपणही आडवे होतो. पण कान जागा असतो. ही विश्रांती नव्हे, पहारा आहे. या पहाऱ्याची किंमत शरीर मोजते. झोप तुटते, रक्तदाब वाढतो, स्वतःच्या गोळ्या घ्यायच्या राहतात, पाठ धरते, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते किंवा डोळे भरून येतात. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६६ ते ९६ वर्षांच्या पतिपत्नींची चार वर्षे पाहणी केली होती. आजारी जोडीदाराची सेवा करणारे आणि त्या सेवेचा ताण जाणवणारे लोक त्या काळात दगावण्याचे प्रमाण, अशी सेवा ज्यांच्या वाट्याला आली नव्हती त्यांच्यापेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. ही गोष्ट तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. 'विश्रांती घेत जा' हे वाक्य सौजन्याचे नसून उपचाराचे आहे, आणि उपचाराची तजवीज करावी लागते, एवढेच त्यातून घ्यावे.

आमच्या मंडळीने काय केले

चारेक वर्षांपूर्वी आमच्या पाळकांनी त्या वाकलेल्या बाईच्या कथेवर प्रवचन केले. पुढच्या बैठकीत महिला मंडळाने एक साधा प्रश्न घेतला : आपल्या मंडळीत वाकलेले कोण कोण आहे? यादी करता करता अकरा घरे निघाली. रुग्ण सर्वांना ठाऊक होते. त्यांच्याजवळ बसलेली माणसे मात्र उपासनेत दिसत नाहीत, हे यादी केल्यावर लक्षात आले.

पहिली सूचना आली ती नेहमीचीच : दर रविवारी एकेका घरी जाऊन प्रार्थना करावी, फळे द्यावीत. त्यावर एका आजींनी शांतपणे विचारले, "बारा जणांचा चहा कोण करील?" सर्वजण हसले, आणि तेथूनच आमचा पहिला नियम झाला. सेवेला जाणाऱ्याने त्या घरी चहासुद्धा घ्यायचा नाही.

मग हळूहळू बाकीचे ठरत गेले. ज्या घरी जायचे तेथे दोघांनी मिळून जायचे, म्हणजे रुग्णाला कूस बदलून देताना अडचण येत नाही आणि घरच्यांना निर्धास्त वाटते. रुग्ण पुरुष असेल तर दोघांपैकी एक तरी पुरुष असावा. शक्यतो तीच माणसे पुन्हा यावीत. विस्मरणाचा आजार असलेल्यांना नवे चेहरे सोसत नाहीत. वेळ सलग तीन तासांचा असावा. एका दुपारी मी सर्वांना कूस कशी बदलावी, चाकाच्या खुर्चीचा ब्रेक कसा लावावा, घास कसा भरवावा आणि कोणत्या लक्षणांना लगेच फोन करावा, हे शिकवले.

एका मुद्द्यावर मात्र मतभेद झाला. काहींचे म्हणणे होते की, आपण जर रुग्णाजवळ बसणार, तर घरच्या माणसाने त्या वेळात उपासनेला आलेच पाहिजे. नाहीतर शब्बाथाचा उद्देश काय राहिला? हे म्हणणे टाकाऊ नव्हते. कित्येक स्त्रिया वर्षभर चर्चची पायरी चढलेल्या नव्हत्या आणि त्यांना खरोखरच यायचे होते. तरीही अखेर असे ठरले की, तीन तास ज्याला दिले त्याचे ते झाले. तो उपासनेला येईल, झोपेल, बहिणीकडे जाईल किंवा नुसता बसून राहील. त्याला कोणी विचारायचे नाही. अट घातलेली सुट्टी ही पुन्हा कामच होते.

आणखी एक अडचण होती. आमच्या मंडळीतील पुष्कळ जण वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळीत काम करतात, काही जणी रुग्णालयांत आहेत. त्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी येतेच असे नाही. त्यांनी सुचवले की, आमची सुट्टी बुधवारी आली तर आम्ही बुधवारी येऊ. म्हणून आमच्या काही घरांचा शब्बाथ बुधवारी असतो. रविवारी पाणी आले, तर तरुण संघाची दोन मुले येऊन पिंपे भरून देतात. बैलाला पाण्यावर नेण्यास शब्बाथाची आडकाठी नव्हती. मग माणसासाठी पाणी भरण्यास कशी असेल?

सर्व काही सुरळीत चालते असे मात्र समजू नका. परीक्षांच्या दिवसांत आणि लग्नसराईत माणसे कमी पडतात. अकरा घरांना दर आठवड्याला जाणे जमत नाही. एका घरी पंधरा दिवसांतून एकदा वळण येते. दोन घरांनी नम्रपणे नको म्हटले. आपल्या आईला परक्याने धुवावे-पुसावे, हे काहींना रुचत नाही, आणि त्यांच्या भावनेचाही मान ठेवला पाहिजे. तेथे आम्ही फक्त भाजी चिरून देण्यापुरते जातो.

रुग्णालाही विसावा हवा असतो

या व्यवस्थेचा लाभ मला होईल, हे मी गृहीत धरले होते. झालाही. पहिले काही रविवार मी उपासनेनंतर माझ्या धाकट्या बहिणीकडे जाऊन केवळ झोपत असे, आणि झोपेची आपल्याला किती तूट आहे, हे मला तेव्हा कळले. पण माझ्या यजमानांनाही तो दिवस हवासा वाटू लागेल, याची मला कल्पना नव्हती.

विचार करा, सहा वर्षे एकाच माणसाच्या हातून न्हाणे, खाणे, उठणे, बसणे. आपण जसे सेवेतून सुटत नाही, तसा रुग्णही सेवेतून सुटत नाही. त्यांच्याजवळ रविवारी एक निवृत्त शिक्षक येतात. ते त्यांना रुग्ण समजत नाहीत. वर्तमानपत्र वाचून दाखवतात, राजकारणावर स्वतःच वाद घालतात आणि डाव्या हाताने कॅरम खेळायला लावतात. माझ्यासमोर जे हट्टाने खात नाहीत, ते त्यांच्यासमोर मुकाट्याने खातात.

आणि एक गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली नसती तर मला खरी वाटली नसती. माझ्या यजमानांना 'पाणी' हा शब्द उच्चारता येत नाही. एका रविवारी सेवेला आलेल्या जोडीने जुनी गायने म्हणायला सुरुवात केली. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना आपल्या मातीतली भजने दिली. त्यांच्या चाली आमच्या लहानपणापासून अंगात मुरलेल्या आहेत. दुसऱ्या ओळीला माझे यजमान गाऊ लागले. शब्दांसह. मी त्या दिवशी लवकर परतले होते आणि दाराबाहेरच उभी राहिले.

हा चमत्कार नव्हे, असे आमच्या डॉक्टरांनी मला समजावले. बहुतेक माणसांत बोलण्याचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते आणि पक्षाघाताने तेच दुखावले जाते. सूर आणि चाल यांच्याशी उजव्या भागाचा मोठा संबंध असतो. म्हणून वाचा गेलेल्या काही रुग्णांना बोलता येत नाही, पण पाठ असलेले गाणे म्हणता येते, आणि वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ याचा उपयोगही करतात. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याच्या तरुणपणीचे गाणे, अभंग, आरती, नात किंवा पाळणा त्याच्याबरोबर म्हणून पाहा. सर्वांना जमेलच असे नाही. पण म्हणून पाहण्यात काही तोटा नाही. मला हे सुचण्याची उसंत माझ्या कामाच्या सहा दिवसांत कधी मिळाली नव्हती.

पगारी सेविकेचा वार

ज्यांच्या घरी ब्युरोची मावशी किंवा दिवसरात्रीची सेविका आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. त्या प्राचीन यादीत दास आणि दासी आहेत, आणि त्यांच्यापुढे कारण लिहिलेले आहे : तूही कधी गुलाम होतास. तिलाही आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्या आणि त्या दिवसाचा पगार कापू नका. रात्री रुग्णासाठी ती तीनदा उठत असेल, तर दुपारी तिला दोन तास निजू द्या. थकलेल्या हातांतून रुग्ण पडतो, औषधाची मात्रा चुकते. तिची विश्रांती हा तुमच्या रुग्णाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

विसाव्याच्या दिवशी काय थांबवू नये

परिचारिकेच्या नात्याने एवढे सांगितलेच पाहिजे.

औषधांना सुट्टी नाही. रक्तदाब, मधुमेह, फिट्स आणि रक्त पातळ ठेवण्याची औषधे रोजच्या वेळीच द्यावीत. उपासनेमुळे किंवा उपवासामुळे जेवण लांबणार असेल, तर मधुमेहाच्या औषधांचे काय करायचे ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. घाम, थरथर, घाबरल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल तर लगेच साखर द्या.

अंथरुणावरील रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. पक्षाघाताच्या रुग्णाला बसवूनच भरवावे आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये.

चालत्या-फिरत्या ज्येष्ठांनी विसावा म्हणजे दिवसभर पडून राहणे असे समजू नये. थोडे चालावे, उन्हात बसावे, चार माणसांशी बोलावे. मात्र मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळीच बाहेर पडावे आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काही दिसले तर 'आज रविवार आहे, उद्या पाहू' असे कदापि म्हणू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

आणि चार्ज लिहून द्या. एका कागदावर औषधांच्या वेळा, खाण्याचे पथ्य, रुग्णाला काय आवडत नाही, डॉक्टरांचा आणि तुमचा क्रमांक. हा कागद दाराच्या मागे चिकटवून ठेवा. तुमच्याजागी बसणाऱ्याला तो आधार होतो, आणि तुम्हालाही निघताना पाऊल उचलणे सोपे जाते. बाहेर पडल्यावर आपण फोन करायचा नाही. गरज पडली तर तेच करतील.

तुमच्या घरासाठी

तुमचा वार शुक्रवार असेल, सोमवार असेल, एकादशी असेल किंवा कोणताच नसेल. तुमच्याजवळ भजनी मंडळ असेल, जमात असेल, विहार असेल, ज्येष्ठ नागरिक संघ असेल किंवा नुसता एक जिना असेल, ज्यावर समोरासमोर दारे आहेत. यांपैकी कोठेही ही व्यवस्था उभी राहू शकते. अकरा घरे लागत नाहीत, दोन पुरतात : या आठवड्यात तुम्ही माझ्या आईजवळ बसा, पुढच्या आठवड्यात मी तुमच्या वडिलांजवळ बसेन.

तुम्ही सेवा करणारे असाल, तर विचारण्याचा संकोच सोडा, आणि विचारताना नेमके विचारा. "कधीतरी या" म्हटले तर कोणी येत नाही. "गुरुवारी तीन ते सहा बसाल का?" असे विचारले, तर माणसाला हो किंवा नाही म्हणावे लागते. आणि तुमच्या घरी आज रुग्ण नसेल, तर तुमच्या ओळखीत एक घर असे नक्की आहे, जेथून कोणीतरी बरेच दिवस बाहेर पडलेले नाही. तेथे जा. त्यांना विश्रांती घ्या असे सांगू नका. पादत्राणे काढून आत बसा, कागदावरच्या औषधांच्या वेळा वाचून घ्या, आणि म्हणा, "सहा वाजेपर्यंत मी येथे आहे. तुम्ही जा."